बंदुकीची टेकण : मराठ्यांच्या युद्धपद्धतीतील एका दुर्लक्षित साधनाचा विचार

प्रस्तावना

छत्रपती शाहू महाराजांचे १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास निधन झाले आणि मराठी राज्याची सूत्रे कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर नऊ महिन्यांनी सांगोल्यात मिळाले. प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी पेशव्यांविरुद्ध बंड करून सांगोल्याचा आश्रय घेतला होता. सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना सोबत घेऊन सांगोल्यावर चालून आले, बंड मोडले आणि सप्टेंबर १७५० मध्ये येथेच तो प्रसिद्ध करार झाला. 'सांगोल्याचा करार' म्हणून इतिहासाला ज्ञात असलेल्या या घटनेने राज्याचा सर्व कारभार पेशव्यांकडे आला. घटनात्मक दृष्टीने या कराराची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र सांगोल्यातून उदयास आलेले हेच भाऊसाहेब पुढे अवघ्या दहा-अकरा वर्षांत पानिपतावर मराठी फौजेचे सेनापती म्हणून उभे राहिले. सांगोला हा सपाट माणदेशी मुलखातील भुईकोट, तर पानिपत हे मोकळे मैदान. पहिल्या ठिकाणी तटाला महत्त्व होते, दुसऱ्या ठिकाणी तट नव्हताच. या दोन रणभूमींमधील फरकाचा लष्करी अर्थ काय, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे एका अगदी सामान्य वाटणाऱ्या साधनाच्या अंगाने पाहिले आहे. ते साधन म्हणजे बंदुकीची टेकण. बंदूक झाडताना तिची नळी ज्यावर टेकवायची ते दुबेळके, तिवई, तटातील जंगी, उंटाच्या खोगिरावरचा खुंट किंवा नळीला बिजागरीने जोडलेले मिटते पाय, ही सर्व एकाच गरजेची निरनिराळी उत्तरे होत. मराठ्यांच्या शस्त्रांवर लिहिताना आपल्याकडे तलवारींची नावे आणि तोफांची लांबी-रुंदी यांची जेवढी चर्चा होते, तिचा शतांशही या साधनाच्या वाट्याला आलेला नाही. वास्तविक बंदूक कशावर टेकवली जात होती हे कळले, की ती झाडणारा माणूस उभा होता, बसला होता की तटाआड होता, हे कळते. आणि ते कळले, की फौज कशी लढत होती तेही कळू लागते.

टेकणीची गरज का पडली

तोड्याच्या बंदुकीचा चाप ओढला, की घोड्यात धरलेली जळती जामगी खाली येते, कानातील रंजक पेटते आणि त्यानंतर आतील दारू उडते. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत एक क्षण जातो. त्या क्षणात नळी हलली तर नेम चुकला. नळी जितकी लांब तितका तिचा भार पुढे पडतो आणि डाव्या हाताला कंप सुटतो. हिंदुस्थानी कारागिरांनी घडविलेल्या नळ्या लांब व जाड असत. त्यामुळे गोळी दूर जाई, दारूचा दाबही नळी सोसत असे. पण या गुणांची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागे. खांद्याचा एक आधार आणि पुढचा दुसरा आधार मिळाला तरच अशी बंदूक स्थिर राहणार. शेतकऱ्याने लगडलेल्या डाळिंबाच्या फांदीला दुबेळके लावावे, त्यातलाच हा प्रकार होय. तत्त्व साधे आहे, परंतु फांदी चालत नाही आणि फौज चालते. सगळी अडचण येथून सुरू होते.

युरोपात हा प्रश्न सोळाव्या शतकात स्पॅनिश फौजांना प्रथम तीव्रतेने जाणवला. चिलखत भेदणारी जड मस्केट बंदूक सात ते नऊ किलोंच्या घरात जाई. ती झाडण्यासाठी प्रत्येक सैनिकाला छातीपर्यंत उंचीची, वर लोखंडी बेचके असलेली काठी बाळगावी लागे. डच चित्रकार याकोब द गेन याने १६०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवायतीच्या चित्रग्रंथात मस्केटधाऱ्याच्या कवायतीची ४३ चित्रे आहेत. ती पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्या सैनिकाचा बराचसा वेळ बंदूक, काठी आणि जळती जामगी ही तीन ओझी दोन हातांत वागविण्यातच जात होता. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदुका हलक्या होत गेल्या आणि ही काठी हळूहळू नाहीशी झाली. मग युरोपीय पायदळाने टेकणीशिवाय, नेमाची फारशी पर्वा न करता, शेकडो बंदुका एकदम झाडण्याची पद्धत स्वीकारली. एका माणसाचा नेम स्थिर करण्याऐवजी संपूर्ण रांगेचा मारा स्थिर करणे, हा तो पर्याय होता.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. काठीचे ओझे इतके जाचक होते, तर युरोपीय कारागिरांनी तिला आखूड करून बंदुकीलाच का जोडले नाही? याचे उत्तर बंदूक भरण्याच्या रीतीत आहे. तोंडाकडून दारू व गोळी ठासायची बंदूक उभ्यानेच सोयीची भरता येते. माणूस उभा राहून झाडणार असेल तर टेकण छातीइतकी उंच हवी आणि एवढे लांब पाय नळीला जोडले तर बंदूक वागवताच येणार नाही. पाय आखूड करायचे, तर झाडणाऱ्याने खाली बसले पाहिजे किंवा जमिनीवर पालथे पडले पाहिजे. थोडक्यात, टेकणीची उंची ही लोहाराच्या कौशल्यावर नव्हे, तर सैनिकाच्या बैठकीवर अवलंबून होती.

आशिया खंडात मात्र बसून बंदूक झाडण्याची सवय जुनी होती. तिबेटी तोड्याच्या बंदुकीला पुढच्या बाजूस बिजागरीने जोडलेले दोन लांब, टोकदार पाय असत. त्यांच्या टोकांना लोखंड किंवा हरणाचे शिंग बसवीत. प्रवासात हे पाय नळीलगत पुढे वळवले जात आणि शिकारी गुडघ्यावर बसला की ते खाली सोडून जमिनीत रोवले जात. उत्तर हिंदुस्थानातील काही जड बंदुकांनाही असे जोडलेले लोखंडी पाय आढळतात. अफगाणांची जेजाईल बंदूक बेचक्यावर टेकवून झाडली जाई. १८३९ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात डोंगरावर दबा धरून बसलेल्या जेजाईलधाऱ्यांनी इंग्रज शिपायांना त्यांच्या बंदुकीच्या टप्प्याबाहेरून टिपले. आज ज्याला बायपॉड म्हणतात त्या मिटत्या द्विपाद आधाराची कल्पना आधुनिक कारखान्यातून प्रथम निघाली, हा समज त्यामुळे टिकत नाही. शिकारी आणि डोंगरी लढवय्ये तिचा वापर आधीपासूनच करीत होते.

वाहकावरून पडलेली नावे

मोगल काळात हिंदुस्थानात या प्रश्नाचे स्वरूप आणखी व्यापक झाले. बाबराने १५२६ मध्ये पानिपतावर गाड्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून त्यांच्याआड बंदूकधारी उभे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पुढील वर्षी खानव्याच्या लढाईत त्याने चाके लावलेल्या लाकडी तिकाटण्यांचाही उपयोग केल्याचे त्याच्या आत्मचरित्रातून दिसते. त्यांचे मुख्य काम आडोशाचे होते. तथापि बंदूकधाऱ्यांबरोबर पुढे सरकू शकेल असा आडोसा ही कल्पना लक्षणीय आहे; कारण पुढे सरकणारा तट हीच पुढल्या अडीचशे वर्षांची मोठी गरज ठरली.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आलेली नावे या दृष्टीने फार बोलकी आहेत. एका हत्तीवर वाहून नेता येईल ती 'गजनाल', एका माणसाला उचलता येईल ती 'नरनाल'. उंटावरची ती 'शुतरनाल', मराठी कागदांतील 'सुतरनाळ'. म्हणजे हत्याराचे नाव त्याच्या गोळीवरून वा नळीवरून पडलेले नाही, ते वाहून नेणाऱ्यावरून पडले आहे. ज्या समाजाने हत्यारांना अशी नावे दिली, त्याला मारा करण्याइतकीच भार वाहण्याचीही काळजी होती. विल्यम अर्विन यांनी मोगल फौजेवरील १९०३ च्या ग्रंथात या सर्व प्रकारांची चिकित्सा केली आहे. त्यातील 'जजायल' म्हणजे बेचक्यावर किंवा तटावर टेकवून झाडायची लांब बंदूक. मराठीत तिचेच 'जेजाला' आणि 'जंजाल' झाले, तर इंग्रजांनी तिला 'जिंजाल' म्हटले. तोफ आणि बंदूक यांच्या मधली ही जात. ती एका माणसाला खांद्यावर झेपत नाही आणि तिला गाडाही लागत नाही. टेकणीशिवाय मात्र ती निरुपयोगी होय.

मराठ्यांची टेकण : जंगी

मग मराठ्यांनी बंदूक कशावर टेकवली? छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळापुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे मुख्य उत्तर 'किल्ला' असे आहे. तटाच्या कठड्यात फांजीवर उभ्या असलेल्या माणसाच्या सोयीने ठेवलेली अरुंद छिद्रे म्हणजे जंग्या. आतून रुंद, बाहेरून निमुळती आणि बहुतेक वेळा खाली उतरती. आतली रुंदी नळी उजवी-डावीकडे फिरवण्यासाठी, बाहेरचा अरुंदपणा शत्रूची गोळी आत येऊ नये म्हणून आणि उतार चढून येणाऱ्या माणसावर नेम धरता यावा म्हणून. दगडात कोरलेली ही टेकणच होती. ती हलत नाही, थकत नाही आणि तिचे ओझे कोणालाही वाहावे लागत नाही. किल्ल्यांची पाहणी करणारे हौशी प्रवासी बुरूज आणि दरवाजे पाहून पुढे जातात. जंगीतून बाहेर डोकावून तिच्या माऱ्यात नेमकी कोणती पायवाट येते, हे पाहणारे थोडे. ते पाहिल्यास दुर्गबांधणी करणाऱ्याने बंदूकधाऱ्याचा किती बारकाईने विचार केला होता हे ध्यानात येते.

ग्रँट डफ यांनी १८२६ च्या आपल्या इतिहासात मावळे आणि हेटकरी यांतील भेद नोंदविला आहे. कोकणातील हेटकरी हे नेमबाज म्हणून नावाजलेले होते. डोंगराळ प्रदेशात झाड, खडक, बांध यांपैकी कोणताही आधार नेमबाजाला पुरतो. त्याला वेगळी टेकण बाळगण्याचे कारण नाही. घाटाखाली आणि मावळात भूमीच टेकण पुरवीत होती. दुसरीकडे घोडदळाचे बळ वेगात होते. बारगीर आणि शिलेदार यांचे हत्यार तलवार व भाला. धावत्या घोड्यावरून तोड्याची बंदूक नेमाने झाडणे जवळजवळ अशक्यच, त्यामुळे घोडदळाला टेकणीची गरज भासली नाही. अशा रीतीने, एका बाजूला अचल तट आणि दुसऱ्या बाजूला चपळ घोडा अशी ही व्यवस्था होती. दोन्हींच्या मधले, म्हणजे हलता येईल आणि स्थिर मारा करील असे हत्यार, या व्यवस्थेत दुय्यम राहिले. ती उणीव होती असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. सह्याद्रीच्या मुलखात आणि गनिमी काव्याच्या युद्धात तिची आवश्यकताच नव्हती.

मैदानी प्रदेशातील भुईकोटांची गोष्ट निराळी. सोलापूर, परांडा, नळदुर्ग, मंगळवेढे, सांगोला या पट्ट्यात डोंगराचा आधार नाही. येथे तट, खंदक आणि जंग्या यांच्यावरच भिस्त. वेढा घालणाऱ्याला तर काहीच आयते नसते. त्याला मोर्चे बांधावे लागतात, मातीचे दमदमे उभारावे लागतात. बचाव करणाऱ्याजवळ दगडाची टेकण आणि हल्ला करणाऱ्याजवळ मातीची, एवढाच फरक. या प्रदेशात जडपणाचा कळस म्हणजे 'मलिक-ए-मैदान' तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापुरास नेली. तिच्या नावात मैदान असले तरी तिचे उर्वरित आयुष्य बुरुजावरच गेले. दख्खनच्या सुलतानी परंपरेत अग्निशस्त्रांची प्रतिष्ठा अशी त्यांच्या आकारात मोजली जात होती आणि हा वारसा काही अंशी मराठ्यांकडेही आला.

उंटाच्या पाठीवरचा खुंट

अठराव्या शतकात मराठे उत्तरेच्या मैदानात उतरले तेव्हा परिस्थिती पालटली. तेथे सह्याद्रीचे खडक नव्हते आणि तटही दुसऱ्याचे होते. त्याच सुमारास इराण-अफगाणिस्तानात एका हत्याराने मोठा प्रभाव पाडला होता. ते म्हणजे जंबुरक, मराठीत जंबुरा. 'जंबूर' म्हणजे गांधीलमाशी. उंटाच्या खोगिरावर लोखंडी खुंट बसवून त्यावर सर्व बाजूंना फिरणारी आखूड, जाड नळीची लहान तोफ ठेवायची. तोपची उंटावरच बसणार. बहुधा उंट बसवून ती झाडीत आणि झाडून झाली की उंट उठवून पुढे नेत. १७२२ मध्ये गुलनाबादच्या लढाईत अफगाणांनी जंबुरकांच्या जोरावर इराणी फौजेची फळी फोडली. नादिरशहाने तेच हत्यार उचलले आणि फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नाळच्या रणांगणावर मोगलांविरुद्ध वापरले. अहमदशहा अब्दाली हा नादिरशहाच्याच फौजेत वाढलेला सरदार. त्याच्या लष्करात जंबुरकांना मानाचे स्थान मिळाले, यात नवल नाही.

जंबुरकाचे मर्म गोळ्याच्या आकारात नव्हते. त्याचा गोळा लहानच असे. मर्म टेकणीत होते. टेकण स्वतःच्या पायांनी चालत होती. दोन बैलांच्या गाडीला वाट लागते, तोफेच्या गाड्याला त्याहून चांगली वाट लागते, चिखल व चढ वर्ज्य असतात. उंटाला यांपैकी कशाचेच बंधन नाही. सैन्याची फळी पुढे सरकली की माराही तिच्याबरोबर सरकतो. मराठ्यांना हे हत्यार अपरिचित होते असे नव्हे. पेशवेकालीन कागदांत जेजाला, सुतरनाळा आणि बाण यांचे उल्लेख येतात. तथापि दख्खनच्या फौजेत उंटाचे प्रमुख काम ओझी वाहणे व बातमी पोहोचवणे हेच राहिले. सांडणीस्वार हा मराठी भाषेतला शब्दच या उपयोगाची साक्ष देतो. ज्या प्राण्यावर एका फौजेने पत्र ठेवले, त्याच प्राण्यावर दुसऱ्या फौजेने तोफ ठेवली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर या फरकाची कसोटी लागली. भाऊसाहेबांच्या योजनेविषयी त्र्यं. शं. शेजवलकर यांनी 'पानिपत : १७६१' मध्ये केलेले विवेचन येथे महत्त्वाचे आहे. ती लढाई 'गोलाची' होती. बुणगे व कुटुंबकबिले मध्ये घेऊन, भोवती लढाऊ फळ्या आणि तोफखाना ठेवून, सारा गोल शत्रूला रेटत यमुनेच्या दिशेने सरकवायचा. इब्राहिमखान गारद्याची आठ ते दहा हजारांची कवायती पलटणे आणि त्यांच्या तोफा या योजनेचा कणा होत्या. सुमारे वर्षभरापूर्वी, ३ फेब्रुवारी १७६० रोजी, उदगीरला निजामाविरुद्ध या गारद्यांनी आपला प्रभाव दाखविला होता. भाऊसाहेबांचा त्यांच्यावरील विश्वास अनाठायी नव्हता.

अडचण गोलाच्या कल्पनेतच दडलेली होती. गोल चालायचा असेल तर त्याच्याबरोबर मारा चालला पाहिजे. जड तोफ थांबल्यावरच बोलते. बैल जुंपून ती ओढायला लागली की तिचे तोंड बंद. म्हणजे गोल थांबला तर योजना संपली आणि गोल सरकला तर तोफा मुक्या झाल्या. गारद्यांनी डाव्या बगलेवर रोहिल्यांचा मोठा संहार केला, परंतु फळ्या पुढे सरकत गेल्या तशा मागे राहिलेल्या तोफांचा उपयोग कमी होत गेला. विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडदळाने गोल मोडून उतावीळपणे पुढे धाव घेतली आणि आपल्याच गारद्यांच्या माऱ्यापुढे ते आले, ही गोष्ट इतिहासकार नेहमी शिस्तभंग म्हणून सांगतात. ती शिस्तभंग होतीच. पण घोडा पुढे जाऊ शकतो आणि तोफ जाऊ शकत नाही, अशा फौजेत ही विसंगती केव्हा ना केव्हा उघड होणारच होती. दोन गतींची माणसे एका गोलात बांधली होती आणि त्या गतींचा मेळ घालणारे मधले हत्यार पुरेसे नव्हते.

उलट अब्दालीच्या बाजूने समकालीन वृत्तान्तांत जंबुरके वाहणाऱ्या उंटांचा आकडा दोन हजारांच्या आसपास येतो. दुपारनंतर त्याने राखीव फौज पुढे केली, तेव्हा मध्यभागी थकलेल्या मराठी फळीवर जवळून जंबुरकांचा मारा झाला. त्या मध्यभागीच भाऊसाहेब होते. विश्वासराव गोळी लागून पडले ते येथेच. ती गोळी कोणत्या हत्यारातून आली, हा वाद निरर्थक आहे. महत्त्वाचे हे, की सकाळी एका ठिकाणी असलेली अफगाण अग्निशक्ती दुपारी हवी तेथे आणता आली आणि मराठ्यांची आणता आली नाही.

पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना 'मराठ्यांचा तोफखाना कमी पडला' असे क्रमिक पुस्तकांत लिहिले जाते, तर दुसऱ्या टोकाला 'तोफखाना उत्तम होता, दैव फिरले' असे म्हटले जाते. वरील विवेचनावरून दोन्ही विधाने प्रश्नाला बगल देतात असे म्हणावे लागेल. तोफा पुरेशा होत्या, त्यांची टेकण चालती नव्हती. उपासमार, अपुरी रसद, राजकीय एकाकीपणा ही कारणे आपापल्या ठिकाणी खरीच आहेत आणि टेकणीच्या मुद्द्याने ती खोटी ठरत नाहीत. तथापि रणांगणावरील त्या सहा-सात तासांचा विचार करताना हत्यारांची संख्या मोजण्याऐवजी त्यांची गती मोजली पाहिजे.

धारवाडचा वेढा आणि मूरचा उपहास

पानिपतानंतर तीस वर्षांनीही हा प्रश्न सुटलेला नव्हता. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला टिपूच्या फौजेविरुद्ध वेढा घातला. १७९० मध्ये सुरू झालेला हा वेढा एप्रिल १७९१ पर्यंत लांबला. कॅप्टन लिटलच्या इंग्रज तुकडीबरोबर तेथे हजर असलेल्या लेफ्टनंट एडवर्ड मूरने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात मराठी तोफखान्याचे वर्णन बरेच उपहासाने केले आहे. तोफ भरायची, मग सर्वांनी बसून अर्धा तास गप्पा व धूम्रपान करायचे, तोफ डागायची, तटावर धूळ उडाली की समाधान मानायचे आणि पुन्हा गप्पा. दुपारी तर बहुधा विश्रांतीच. तोफांचे गाडे बोजड व ओबडधोबड होते, असेही तो नोंदवतो.

मूरची ही साक्ष महाराष्ट्रात काहींना बोचते, तर काहीजण ती मराठी बेशिस्तीचा पुरावा म्हणून तशीच्या तशी उद्धृत करतात. दोन्ही प्रतिक्रिया उथळ होत. मूर हा मित्रपक्षाचा असला तरी परका अधिकारी होता आणि लांबलेल्या वेढ्याचा कंटाळा त्याच्या लेखणीतून डोकावतो. मात्र त्याचे एक निरीक्षण कवायतीचे नसून सुतारकामाचे आहे, आणि ते गाड्यांविषयी आहे. तोफ डागल्यावर गाडा मागे सरकतो, तो पुन्हा जागेवर आणून नेम धरावा लागतो. गाडा बोजड असेल तर एका गोळ्यामागे अनेक माणसांची ओढाताण आलीच. गोळ्यांमधील अंतर वाढण्याचे कारण आळस जितका असेल, तितकाच हा गाडाही असू शकतो. महादजी शिंद्यांनी याच सुमारास द बॉइन्यच्या हाताखाली उत्तरेत उभारलेल्या कंपूंत हलके, सुटसुटीत गाडे व कवायती गोलंदाज आले. तोफेपुरता तेथे प्रश्न बराच सुटला. पेशव्यांच्या दक्षिणी फौजेत तो तसाच राहिला.

मिटणारे पाय

टेकण बंदुकीलाच जोडून मिटती करण्याची कल्पना लष्करी पातळीवर सर्वत्र रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर. पाठीमागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या आणि सैनिकाला उभे राहण्याची सक्ती उरली नाही. तो पालथा पडून भरू लागला, झाडू लागला. उभ्या माणसाची छातीइतकी टेकण एका वितीवर आली. तिबेटी शिकाऱ्याने बसण्याच्या सवयीमुळे जे शतकांपूर्वी साधले होते, ते आता पलटणींना साधणे शक्य झाले. त्यात स्वयंचलित बंदुकीची भर पडली. एका चापावर डझनावारी गोळ्या सुटू लागल्यावर प्रत्येक धक्क्याने नळी वर उसळते आणि टेकण नसेल तर पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर बाकीच्या आकाशात जातात. पूर्वी नेमासाठी असलेली टेकण आता धक्का जमिनीला देण्यासाठीही आवश्यक झाली.

अशा आधाराची रचना करताना कारागिरापुढे तीन मागण्या परस्परविरोधी उभ्या राहतात. पाय नळीच्या तोंडाजवळ जोडले तर बंदूक अधिक स्थिर, पण डावी-उजवीकडे वळविताना झाडणाऱ्याला अंग हलवावे लागते. मागे जोडले तर वळण सोपे, पण कंप अधिक. पाय बळकट केले तर वजन वाढते. बिजागरी सैल असेल तर धक्क्याने पाय मिटतात आणि घट्ट असेल तर घाईच्या वेळी उघडत नाहीत. मिटलेले पाय नळीलगत बसले पाहिजेत, नाहीतर झुडपात अडकतात. हे वाचताना जंबुरकाच्या खुंटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही फिरण्याची मोकळीक आणि धक्का सोसण्याची ताकद यांत हीच ओढाताण होती.

हिंदी लष्कराने १९३३ मध्ये व्हिकर्स-बर्थिए ही हलकी मशीनगन स्वीकारली आणि ती ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. ब्रिटनने मात्र चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथील रचनेवरून एनफिल्डमध्ये घडविलेली ब्रेन पसंत केली. महायुद्धाच्या काळात तीही ईशापुरात बनू लागली. सुमारे दहा किलोंची ही बंदूक दोन मिटत्या पायांवर उभी राहत असे. तिच्यासाठी तिवईही होती, परंतु चालत्या पायदळाने ती क्वचितच वागवली. पायदळाची लहान तुकडी, मग ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची असो वा अन्य कोणाची, आता या एका बंदुकीभोवती रचली जाऊ लागली. एकजण झाडणार, दुसरा काडतुसांची खोकी बदलणार आणि बाकीचे तिच्या आधाराने पुढे सरकणार. गोलाच्या लढाईत जे जुळले नव्हते, ते मारा आणि चाल यांचे जुळणे आता आठ-दहा माणसांच्या तुकडीत आले.

अशा माऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीने अनुभवले. तिसऱ्या बटालियनची, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही तुकडी जवळून चाललेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे यांच्याखेरीज सर्वजण ठार वा जखमी झाले. त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेतली, हातगोळ्याने बंदूक व तिचा चालक निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली आणि काडतुसे भरायला अवधी नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याच्या कथांत ही घटना नेहमी सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण एका स्थिर बंदुकीने काही क्षणांत एक संपूर्ण तुकडी नाहीशी केली, हा तिचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर ब्रेनची नळी बदलून ती ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी वापरात ठेवण्यात आली. पुढे नव्या हत्यारांच्या रचनेचे काम पुण्यात आले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयुध संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे पाषाण येथील 'एआरडीई'ने, ५.५६ मिलिमीटरच्या 'इन्सास' कुळाची रचना केली. त्यातील रायफल आणि हलकी मशीनगन यांचा पुष्कळसा भाग समान आहे. मशीनगनला वेगळेपण देणाऱ्या गोष्टींत अधिक जड नळी आणि पुढचे दोन मिटते पाय यांचा समावेश होतो. म्हणजे येथेही हत्याराचे काम टेकणीवरून ठरते. याच कामासाठी मार्च २०२० मध्ये भारत सरकारने इस्रायलकडून १६,४७९ निगेव्ह हलक्या मशीनगनचा करार केला आणि पहिल्या तुकड्या पुढील वर्षी आल्या. त्यांनाही असेच दोन मिटते पाय आहेत.